काळं टोपडं

माझ्या भाचीचं डोकं मोठं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. हे वाक्य कागदावर आणायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकते.

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र, मग बी.एड. आता सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बाप जेऊरकडं दुसऱ्याच्या रानात राबायचा. आई मी नववीत असताना गेली. मग मला आणि धाकट्या बहिणीला आत्यानं कुंभारीला, आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं आणि वाढवलं. आत्या शिवणकाम करते. कारखान्यातून शाळेच्या गणवेशांचा कापलेला माल आणायचा, घरी शिवून परत द्यायचा. तिच्या मशीनच्या आवाजात मी बारावी केली. धाकटीचं लग्न पुढं आत्याच्याच मुलाशी झालं. आमच्याकडं मामाची पोरगी करतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळं धाकटीचं माहेर आणि सासर एकाच उंबऱ्याच्या आत आहे. मी शाळेजवळ खोली घेऊन राहते आणि दर रविवारी कुंभारीला जाते.

भाची झाली तेव्हा आत्यानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे. तुज्यावरच गेलीया. डोसकं बग की. आनि एक ग्रॅज्युएट आलं घरात." मला लई बरं वाटलं. पुढच्या प्रत्येक रविवारी तेच. शेजारीपाजारी यायचे, डोकं बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, मावशीची अक्कल आलीय. मी नको नको म्हणत नव्हते. एवढं शिकल्यावर घरात कौतुक तरी कशाचं होणार? मी ते अंगावर घेत होते.

आत्याचा एक नियम आहे. तान्ह्या लेकराचं माप काढू नये, काढलं तर तोंडानं बोलू नये. बोललं की वाढ खुंटते. बाईचं आयुष्य टेप गळ्यात घालून गेलं, गल्लीतल्या प्रत्येक पोराची छाती-कंबर तिला तोंडपाठ, पण घरातल्या बाळाला टेप लावायची नाही. टोपडं शिवायचं झालं की डोक्याभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारायची आणि त्या दोऱ्यावर कापड कापायचं. आकडा कुणाच्या तोंडी येत नाही. आणि लहान झालेलं टोपडं टाकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. धुऊन पत्र्याच्या पेटीत ठेवायचं, घरातल्या पुढच्या बाळासाठी. माझी आणि धाकटीची टोपडी त्याच पेटीत आहेत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरन्हाण होतं. भाची साडेतीन महिन्यांची. आत्यानं पेटीतलं काळं टोपडं काढून ठेवलं होतं. ते माझं, माझ्या बोरन्हाणाला शिवलेलं, तेव्हा मी नऊ महिन्यांची होते. त्याच्या कडेला धाकटीनं आदल्या दिवशी हलव्याचे दाणे लावले होते. आत्यानं ते भाचीच्या डोक्यावर चढवलं तर ते कानांच्या वरच अडकलं. नाडी सोडली, मागची टीप उसवली, तरी बसेना. हलव्याचे दोन-चार दाणे तुटून खाली पडले.

शेजारीण म्हणाली, "नऊ म्हैन्याचं टोपडं हिला आत्ताच बारकं. मावशीला मागं टाकलं की हिनं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. वर म्हणाले, "मग? भाची कुणाची आहे?"

तिला पाटावर धाकटीच्या मांडीवर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या. वरून काही पडायला लागलं की लेकरं वर बघतात. ही खालीच बघत होती.

"लाजतीया," धाकटी म्हणाली.

साडेतीन महिन्यांचं लेकरू लाजत नसतं. मी खाली वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेलं. डोळ्यांची बुबुळं खालच्या पापणीत बुडाली होती आणि वर नुसतं पांढरं दिसत होतं. मी तिच्या टाळूवर हात ठेवला. ती शांत होती, रडत नव्हती, तरी टाळू ताठ लागली. वर आलेली.

"तेलानं भरलीया ती," आत्या म्हणाली. "रोज तेल घालती मी. तुज्या टायमाला लई दिस लागलं हुतं."

त्या दिवशी मी हसायची थांबले आणि रागवायला लागले. अजून थांबलेले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि धाकटीला घेऊन आधी लस टोचतात तिथं गेले, कारण मला भाचीची आधीची नोंद हवी होती. कार्डावर वजन होतं, लशींच्या तारखा होत्या. डोक्याचा घेर कुठंच नव्हता. नर्सबाईंना विचारलं.

"आमाला वजन लिवायला सांगितलंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "डोकं कोण मोजतंय?"

"तीन वेळा आली ही तुमच्यासमोर. डोळ्यांनी तरी दिसलं नाही?"

"दिसलं की. मी ह्यांना म्हणलं बी, मोठं हाय डोकं. तर ह्या म्हणल्या, मावशीवर गेलंय."

धाकटी खाली मान घालून उभी होती. 

तिथून लहान मुलांच्या डॉक्टरांकडं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा तासभर अडकली आणि आम्ही पोचलो तोवर भाची रडून लाल झाली होती. डॉक्टरांनी टेप लावली. चव्वेचाळीस सेंटिमीटर. मी डोळ्यांचं सांगितलं, टाळूचं सांगितलं. ते म्हणाले, रडतंय बाळ, रडताना टाळू ताठच लागते. डोळे तर तिनं मिटून घेतले होते.

"थोडं जास्त आहे माप," ते म्हणाले. "काही घराण्यांत डोकी मोठी असतात. तुमचंही मोठंच आहे की." आणि हसले. "आधीची मापं आहेत का? नाहीत ना? मग आज एक झालं, महिन्यानं दुसरं घेऊ. वाढीचा वेग कळल्याशिवाय मी काय सांगू?"

बोलणं तर्काचं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, एका मापानं वेग निघत नाही हे मी सातवीच्या पोरांना शिकवते. म्हणून मी गप्प बसले आणि बाहेर आले. शिकलेल्या माणसाला गप्प बसवायला एक तर्काचं वाक्य पुरतं. अडाणी बाई तिथंच बसून राहिली असती.

घरी आलो तर आत्या मशीनवर. गणवेशांच्या चड्ड्यांचा ढीग शेजारी. धाकटीनं सांगितलं, महिन्यानं बोलावलंय. आत्यानं मशीन थांबवलं नाही, पण तिचा पाय चुकला. इतक्या वर्षांत मी तिचा पाय चुकलेला पाहिला नव्हता. दोरा तुटला.

"आत्या," मी म्हणाले, "दर वेळेला दोरा तूच लावत होतीस. तुला कळलं नाही?"

ती सुईत दोरा ओवत राहिली.

"तुला माहीत होतं."

"व्हय," ती म्हणाली. "माहीत हुतं. तिसऱ्या म्हैन्याच्या टोपड्याला कापड कमी पडलं मला. चाळीस वर्सं कापड कापती मी, कदी कमी पडलं न्हाय. मधी पट्टी घालून शिवलं. मागनं नाडी आवळून बांदली, म्हणलं डोसकं बसंल."

"मग बोलली का नाहीस?"

"लेकराचं माप बोलू ने."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अडाणी म्हणाले. ज्या बाईनं मला शिकवलं तिला मी अडाणी म्हणाले. म्हणाले, तुझ्या नजर लागण्यापायी पोरगी जाईल. शेजारीण दारात येऊन परत गेली.

आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी अडाणी हाय. मला भ्या वाटलं म्हणून मी बोलली न्हाय. तू शिकलेली. दर आयतवारी येऊन तिचं डोसकं कुरवाळत हुतीस. तुला कुटं दिसलं?"

  कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी मेंदूची आकृती काढायची, आतल्या पोकळ्या निळ्या पेन्सिलनं रंगवायची, बाण काढून त्यातल्या पाण्याची वाट दाखवायची. प्रॅक्टिकलच्या बाईंनी ती वही वर्गात फिरवली होती. त्या निळ्या पोकळ्या माझ्या मांडीवर फुगत होत्या आणि मी लोकांचं कौतुक ऐकत होते.

आत्या उठली. पेटी ओढली आणि चार टोपडी काढून माझ्यासमोर ठेवली. बारशाचं, सव्वा महिन्याचं, दोन महिन्यांचं, आणि पट्टी घातलेलं तिसऱ्या महिन्याचं.

"त्या डाक्टरला मापं पायजेत न्हवं? ही घे. बोटभर सैल ठिवलीया, सगळ्यास्नी सारकी."

मी जन्मभर हुशार म्हणवून घेतलं, पण हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याही आली. डॉक्टरांच्या खोलीत तिनं न विचारता ती टोपडी टेबलावर ओळीनं मांडली. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "हे काय?" मी सांगितलं. ते हसणार होते, मी त्यांचा चेहरा पाहिला. मग त्यांनी टेप घेतली आणि एकेक मोजत गेले. पहिल्या दोनांत दोन सेंटिमीटरचा फरक. पुढच्याला तीन. शेवटच्या दोनांत साडेचार. शेवटचं त्यांनी दोनदा मोजलं.

"सैल किती आहे ह्यात?"

"येक बोट," आत्या म्हणाली. "चारींना."

भाची त्या दिवशी झोपेत होती, रडत नव्हती. डॉक्टरांनी टाळूवर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. मग चिठ्ठी लिहिली. महिन्यानं नव्हे, लगेच. आजच. माफी त्यांनी मागितली नाही. मला ती नकोही होती. मला तो महिना हवा होता आणि तो आत्याच्या पेटीनं मिळवून दिला होता.

टाळू उघडी असते तोवर त्यातूनच सोनोग्राफी करता येते, पोटाची करतात तशी. पडद्यावर जिथं राखाडी दिसायला हवं तिथं काळं पसरलं होतं. मग एमआरआय. मग मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या सर्जनबाई. त्यांनी कागदावर आकृती काढायला घेतली आणि अर्ध्यावर मी म्हणाले, "मला माहीत आहे." त्या थांबल्या. "मग बहिणीला तुम्हीच सांगा," म्हणाल्या.

मी धाकटीला सांगितलं. डोक्यात सगळ्यांच्याच पाणी असतं. ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत रोज तयार होतं, एका पोकळीतून दुसरीत जातं, मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्याभोवती फिरतं आणि रक्तात जिरतं. तुझ्या पोरीची मधली बारीक वाट बंद आहे. पाणी तयार व्हायचं थांबत नाही. मागं साठतं, पोकळ्या फुगतात, मेंदू कवटीवर दाबला जातो. लहान बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात म्हणून डोकं वाढतं. डोकं वाढतंय म्हणून ती अजून जिवंत आहे. पण दाब असाच राहिला तर आधी नजर जाईल, मग बाकीचं.

धाकटी म्हणाली, "आक्का, हे तू पुस्तकात शिकलीस?"

मी हो म्हणाले. तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

सर्जनबाईंनी विचारलं, नात्यातलं लग्न आहे का. धाकटीनं आत्याकडं बघितलं, आत्यानं जमिनीकडं. बाई म्हणाल्या, "विचारावं लागतं. नात्यातल्या लग्नात काही आजारांची शक्यता वाढते. पण कधी वाट जन्मतःच अरुंद असते, कधी आत रक्तस्राव होतो, कधी मेंदूज्वरानंतर ती बुजते, कधी गाठ असते. हिच्यात गाठ नाही, रक्तस्रावाची खूण नाही. वाट अरुंद आहे. का, ते मला सांगता येत नाही. तुमच्या खाण्यापिण्यानं झालेलं नाही, एवढं नक्की सांगते."

त्यांना जे सांगता आलं नाही ते कुंभारीत सगळ्यांना सांगता येत होतं. डोक्यात पाणी म्हणजे बाळंतिणीनं पाणी लई पिलं. ग्रहणात विळी धरली. न्हाऊ घालताना कानातून पाणी गेलं. एकीनं गरम वाळूची पुरचुंडी पाठवली, डोकं शेका, पाणी आटेल. एक चुलते फोन करून म्हणाले, पोरीच्या डोक्याला चिरा देऊन काय करता, पोरगीच आहे. त्यांना मी जे म्हणाले ते आमच्या भावकीत अजून सांगितलं जातं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. राग सगळ्यांचा आला, पण वाळू पाठवणारीचा कमी आला. तिनं निदान वाळू तापवली होती.

उपाय दोन होते. दुर्बीण घालून पोकळीच्या तळाला भोक पाडायचं आणि पाण्याला नवी वाट करून द्यायची. इतक्या लहान बाळात ती वाट बुजण्याचा संभव जास्त, म्हणून बाईंनी दुसरा निवडला. कवटीला बारीक छिद्र, आत नळीचं टोक, कानामागं एक झडप, तिथून कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि शरीर ते जिरवतं. पोरगी वाढेल तशी पुरावी म्हणून नळीची लांबी पोटात जादा ठेवतात.

"म्हंजे शिवणीत कापड दाबून ठिवत्यात तसं," आत्या म्हणाली. "पुडं उसवाय येतंय."

"अगदी तसंच," सर्जनबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत आत्याला कुणी पहिल्यांदाच अगदी तसंच म्हटलं होतं.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी भाचीनं छताच्या पंख्याकडं बघितलं. धाकटीनं मला हलवून दाखवलं. बुबुळं वर होती. टाळू खाली बसली होती.

घरी सोडताना बाईंनी बजावलं. ही नळी कायमची आहे आणि नळी तुंबते. उलट्या, सारखी झोप, चिडचिड, टाळू ताठ, ताप, ह्यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. दर आठवड्याला डोकं मोजायचं.

मी आत्याकडं बघितलं.  पुढच्या रविवारी गेले तर मशीनमागच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहिलेला होता. गणवेशाच्या कापडावर आखायचा निळा खडू. इंच तिच्या हातचे, पण तिनं टेपची दुसरी बाजू वापरली होती, सेंटिमीटरची.

भाची सव्वा वर्षाची झाली तेव्हा एका मंगळवारी सकाळी तिला दोन उलट्या झाल्या. मी वर्गात होते, फोन बॅगेत. धाकटी आणि आत्या तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथला डॉक्टर म्हणाला, पोट बिघडलंय, दात येतायत, औषध देतो, दोन दिवसांनी या. पुढचं धाकटीनं मला सांगितलं. ती उठायला लागली होती. आत्या उठली नाही.

"पोट न्हाय," आत्या म्हणाली. "तिची नळी बगा आदी."

"आजी, मी डॉक्टर आहे. तुम्ही किती शिकलाय?"

"शिकली न्हाय. मी मोजती." आणि तिनं आकडे सांगितले. भिंतीवरचे, मागच्या दोन महिन्यांचे, पाठ. दर आठवड्याला जवळजवळ तेवढंच होतं, आज आठ दिवसांत एक सेंटिमीटर वाढलं होतं आणि टाळूची उरलेली बोटभर जागा वर आली होती. डॉक्टर घड्याळाकडं बघायला लागला. आत्या त्याच्या दारातच खाली बसली. मागचे पेशंट आत येईनात. शेवटी त्यानं मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली, घालवायला म्हणून दिली असेल. दिली.

मी मधल्या सुट्टीत फोन बघितला तोवर भाचीला आत घेतलं होतं. नळीचं वरचं टोक तुंबलं होतं. बदललं. सर्जनबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. मी म्हणाले, मी नाही आणलं.

भाची आता सव्वादोन वर्षांची आहे. उशिरा चालायला लागली, मशीनच्या लोखंडी पायाला धरून. बोलते, चार शब्द जोडून. पुढं काय, ते बाई सांगत नाहीत आणि मी विचारायचं सोडलं आहे. नळी पुन्हा तुंबेल का? तुंबू शकते. त्या दोन डॉक्टरांवरचा माझा राग तसाच आहे. कार्डावर डोक्याचा घेर लिहायला जागा ठेवा म्हणून मी तीनदा लेखी अर्ज दिलाय, एकालाही उत्तर नाही. चौथा देणार आहे. दहावीला मेंदू शिकवताना आकृतीला मार्क देत नाही, आधी विचारते, घरात कुणाचं बाळ आहे का, त्याचं डोकं मोजलंय का. पोरं हसतात. हसू देत.

रविवारी मी जाते तेव्हा मापाची वेळ माझ्यासाठी राखलेली असते. भाचीला आता टोपडं घालायला आवडत नाही, ती टेप मात्र स्वतः आणून देते. मी डोकं धरते, आत्या टेप फिरवते, कपाळावरून, मागच्या उंचवट्यावरून. मी खडू घेऊन उभी राहते. मग आत्या आकडा बोलते, शेजारणीला भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि मी लिहिते.